ग्रॅटिट्यूड डायरी लिहूनही मनातून कृतज्ञ वाटत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री डायरीत तीन गोष्टी लिहिता, तब्येत, नोकरी, आईबाबा, आणि आता ते सगळं पाठ केल्यासारखं झालंय, वरून घरचे म्हणतात लोकांना खायला नाही न तुला कशाची कमी आहे, तर माझ्यातच काही खोट आहे का. खोट काही नाहीये हो. रोज तेच लिहिलं की मनाला सवय होते न मग नुसतं हजेरी लावल्यासारखं उरतं, हे कोणाचंही होईल.

आधी ती रोजची सक्ती काढून टाका. ही डायरीची पद्धत ज्या प्रयोगामुळे एवढी पसरली, रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा 2003 चा, त्यातही एका गटाला आठवड्यातून एकदाच लिहायला सांगितलं होतं. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गट करून पाहिले तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना बरं वाटलं, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा फरक पडला नाही. म्हणजे रविवारी एकदा लिहिलं तरी पुष्कळ झालं.

पण माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. तब्येत, नोकरी, आईबाबा हे इतकं मोठं मोठं आहे की त्यात हाताला काहीच लागत नाही. मी काटोलकडची, आता नागपुरात असते. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, हळद आणि तूप लावून पळसाच्या पानानं, आणि बैलाला आवतन, म्हणजे जेवणाचं आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या". साज, झुली, शिंगांचा रंग, मिरवणूक ते सगळं दुसऱ्या दिवशी. पहिला मान खांद्याचा, कारण वर्षभर जू तिथंच घासतं. बाबा शेकता शेकता बोटानं चाचपून पाहायचे की कुठं चामडी जाड झाली, कुठं सोललंय. मला कृतज्ञता म्हटलं की तेच आठवतं. कोणाच्या खांद्यावर काय पडलंय ते नेमकं शोधायचं आणि हात तिथंच लावायचा.

तुमच्या घरचं मला माहीत नाही म्हणून माझ्या सासूबाईंचं सांगते. मे महिन्यात इथं पारा 45 च्या वर जातो, रात्री कुलर बंद पडला तर कोणाच्या बापाला झोप येत नाही. टाकीतलं पाणी संपायच्या आत त्या मध्यरात्री उठून दोन बादल्या ओततात, आवाज न करता, आणि सकाळी कोणाला पत्ताही नसतो. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आई, रात्री तुम्ही उठून पाणी टाकता म्हणून आम्ही सगळे झोपतो, मला माहीत आहे बरं का." त्या म्हणाल्या त्यात काय एवढं. पण दुपारी बहिणीला फोनवर सांगत होत्या, "सून असं असं म्हणून राहिली होती", आणि आवाजच वेगळा होता त्यांचा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा 2018 चा अभ्यास आहे यावर, आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात त्याला त्याहून खूप कमी अवघडतं आणि आनंद मात्र आपल्या अंदाजापेक्षा जास्त होतो. म्हणून डायरीत लिहिण्यापेक्षा तोंडावर बोलून टाका असं मी म्हणेन.

आता त्याच बादलीतलं पाणी घ्या. शहराचं बरंचसं पाणी पेंच नदीवरच्या नवेगाव खैरीच्या धरणातून येतं, गोरेवाड्याला शुद्ध होतं, मग टाक्या, मग कोणीतरी व्हॉल्व्ह फिरवतो. 2019 च्या जुलैत पाऊस लांबला न नागपुरात एक दिवसाआड पाणी झालं तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाला धरणाची पातळी तोंडपाठ होती, नळाला पाणी आल्यावर लोक अक्षरशः खुश व्हायचे. नंतर विसरले, मीपण. तर अधूनमधून मुद्दाम विचार करून पाहायचा की ही गोष्ट नसतीच तर आजचा दिवस कसा गेला असता. "माझ्याकडे हे आहे" असं घोकण्यापेक्षा ते जास्त आत पोचतं.

आणि काही गोष्टींना आभार मानायला माणूसच सापडत नाही. उन्हात जाताना कोणीतरी लावलेला कडूनिंब, कोणीतरी सकाळी भरून ठेवलेली प्याऊ. आपण त्यासाठी काही केलेलं नसतं तरी मिळतं, कृपा म्हणतात ती हीच असं मी मानते. त्याची परतफेड त्याच माणसाला करता येत नाही, पुढच्या कोणालातरी करायची. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या लोकांना रस्त्यावर उभं राहून जेवण आणि पाणी देणारे नागपूरकर बघा, कोण कुठला विचारत नाहीत.

घरच्यांच्या त्या वाक्याबद्दल मात्र स्पष्ट बोलते. दुसऱ्याला खायला नाही ही गोष्ट आपलं मन बरं करायला वापरायची नसते, त्याला खायला मिळावं म्हणून काही करायची असते. आणि कृतज्ञ राहा म्हणजे गप्प बस असा अर्थ कोणी काढत असेल तर अजिबात ऐकू नका. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत डॅनियल ओ'कॉनेल या आयरिश देशभक्ताचा दाखला देऊन सांगितलं होतं की कृतज्ञतेलाही मर्यादा असतात, स्वाभिमान, शील, देशाचं स्वातंत्र्य यांची किंमत देऊन कोणी कृतज्ञ राहू शकत नाही. ते थोर माणसांच्या भक्तीबद्दल बोलत होते, पण ऑफिसलाही लागू आहे. पगाराबद्दल बरं वाटू द्या आणि सुट्टीच्या दिवशी फुकट काम सांगितलं तर नाही पण म्हणा, दोन्ही एकत्र चालतं.

अजून एक, कशातच काही वाटत नाही, झोप-भूक बिघडलीय, असं बरेच दिवस चाललं असेल तर डायरी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात.

तसं नसेल तर या रविवारी एकच नाव लिहा आणि त्या माणसानं नेमकं काय केलं ते एका ओळीत. सुरुवात घरच्यांपासून नका करू, घरात पहिल्यांदा बोलायला जास्त जड जातं. दूधवाला, ऑफिसमधली झाडूवाली मावशी, बिल्डिंगची टाकी भरणारे काका, यांच्यापैकी कोणी घ्या, आणि नुसतं थँक्यू न म्हणता काय पाहिलं ते सांगा, "काका, काल पावसात पण तुम्ही मोटर लावायला आले होते ना" एवढंच.