पाटणकडच्या घराला सागवानाऐवजी इंजिनिअर्ड बांबू चालेल का?

पाटणजवळ बांधत असलेल्या घरात माडीची जमीन, चौकटी आणि छपराचे वासे सागवानाऐवजी इंजिनिअर्ड बांबूचे, म्हणजे बांबूच्या पट्ट्या चिकटवून-दाबून केलेल्या फळ्यांचे, केले तर ते पुरेसे भक्कम होतील का, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत घरबांधणीची कामे करतो. माझ्या मते भक्कमपणाची चिंता आपण फारशी करू नये. चिंता करायची ती पाण्याची आणि फळीतल्या ग्लूची.

ही फळी दोन प्रकारांनी तयार होते. एका प्रकारात बांबू उभा चिरून त्याची हिरवी साल आणि आतला मऊ भाग काढतात, ज्या पिष्टांशामुळे (स्टार्चमुळे) बांबूला भुंगा लागतो त्यावर उपाय म्हणून पट्ट्यांना बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया देतात, त्या नीट वाळवतात आणि एकमेकींना चिकटवून दाबतात. दुसऱ्या प्रकारात पट्ट्या चेचून, रेझिनमध्ये भिजवून प्रचंड दाबाखाली घट्ट करतात. या दुसऱ्या फळीचे वजन घनमीटरला 1000 ते 1200 किलो भरते, तर सागवानाचे साधारण 650. तिच्यात खिळा सरळ ठोकता येत नाही, आधी भोक पाडावे लागते, आणि सुताराची पातीही लवकर बोथट होतात. हे त्याला मजुरी ठरवतानाच सांगावे.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या एका नातेवाइकांच्या घराच्या तळमजल्यावर कित्येक दिवस पाणी साचून राहिले. तिथे मीच बसवलेल्या बांबूच्या फळ्या फुगल्या आणि चिकटवलेल्या रेषेवरच सुटत गेल्या. माडीवरच्या, त्याच खेपेतल्या फळ्या मात्र आजही उत्तम आहेत. ग्लू कोणता, हे खरेदी करताना मी विचारले नव्हते, ती चूक माझी. युरिया फॉर्माल्डिहाइडचा ग्लू ओलाव्यात टिकत नाही, शिवाय बंद खोलीत त्याची वाफ सुटत राहते. फिनॉलचा ग्लू फळीला गडद रंग देतो, पण पाण्यात पुष्कळ अधिक टिकतो. आपल्याकडचा पाऊस पाहता फिनॉलचाच आग्रह धरावा आणि बिलावर तसे लिहून घ्यावे.

माडीच्या जमिनीला हा बांबू निःशंक वापरा. फळ्या आधी काही दिवस त्याच खोलीत ठेवा आणि भिंतीलगत 10 ते 12 मिलिमीटर फट सोडा. आतल्या चौकटींनाही हरकत नाही. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या चौकटीला मात्र मी आजही सागवानच सुचवतो. वाशांसाठी उत्पादकाकडून वाकण्याच्या चाचणीचा दाखला घेऊन अभियंत्याकडून दोन आधारांमधल्या गाळ्याची लांबी ठरवून घ्यावी, कारण 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप झालेल्या भागात छप्पर हलके आणि सांधे पक्के हवेत.

पर्यावरणाचा आपला विचार मला मनापासून पटतो. सागाला कित्येक दशके लागतात. बांबूच्या बेटातून तीन-चार वर्षांचे कळक निवडून काढले तरी बेट जिवंत राहते. 2017 च्या कायदेदुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळल्यामुळे आपल्या बांधावरही तो लावता येईल आणि तोडता येईल.

आता मी दर खेपेतून वीतभर तुकडा कापून दिवसभर पाण्यात उकळतो, वाळवतो आणि चिकटवलेल्या रेषेत सुरीचे टोक घालून पाहतो. पट्टी सुटली, तर ती खेप परत जाते.