स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या आपल्या मनाने कमी करू नका, त्रास डॉक्टरांच्या कानावर घाला

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ २४ वर्षांचा, चार महिन्यांपासून स्किझोफ्रेनियासाठी ओलान्झापिनची गोळी चालू आहे, कानातले आवाज थांबलेत. पण वजन ८ किलोंनी वाढलं, दिवसभर झोपून असतो, आणि गावातले म्हणतात की गोळ्यांची सवय लागेल. म्हणून घरच्या घरी अर्धी-पाव करत बंद कराव्यात का, आणि उन्हाळ्यात त्याला शेतात पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. अमळनेर तालुक्यात राहतो, एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो, आणि अकरा वर्षांपासून स्वतः ही औषधं घेतो.

आधी सवयीचं. झोपेच्या काही गोळ्यांची जशी लत लागते, तशी या औषधांची लागत नाही. आजारात मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा जोर वाढलेला असतो, त्याला ही औषधं आवर घालतात. औषध थांबलं की आवर सुटतो, पण बऱ्याचदा लगेच नाही, आणि फसगत तिथेच होते. मी एका श्रावणात कानबाईच्या रोटांच्या वेळी गोळ्या बंद केल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं, मी सगळ्यांशी हसत-बोलत होतो, वाटलं की आता आपण बरे झालो. नवरात्रापर्यंत काहीच झालं नाही, उलट अंग हलकं वाटत होतं. कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा वेचणाऱ्या बाया माझ्याबद्दलच कुजबुजतात असं वाटू लागलं. दिवाळीत मी खोलीला आतून कडी लावून बसलो होतो. पंखा बंद केला तरी पाती थोडा वेळ फिरत राहतात, मधले दोन महिने तसे होते.

मी गोळी घेईना म्हणून आईने ती कुटून वांग्याच्या भरतात घातली. तिला बोल लावत नाही, तिला दुसरं काही सुचलं नाही. पण वाटीच्या कडेला मला पांढरी भुकटी दिसली, आणि आवाज तर आधीपासूनच सांगत होते की तुला जेवणातून विष देणार आहेत. पुढचे सहा दिवस मी स्वतःच्या हाताने सोललेल्या केळ्यांशिवाय काही खाल्लं नाही. आईच्या हातचं पुन्हा निर्धास्तपणे जेवायला मला वर्ष लागलं. म्हणून हात जोडून सांगतो, लपवून देऊ नका. भाऊ कधी गोळी नाकारू लागला तर इंजेक्शनबद्दल विचारा. काही औषधांचं दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं. तेही त्याच्याशी बोलूनच.

पहिलाच झटका असेल तर बरं वाटू लागल्यावरही साधारण एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवतात. आजार पुन्हा पुन्हा उलटला असेल तर पाच वर्षं किंवा त्याहून जास्त. कमी करायचं झालं तरी डॉक्टर एकेक पायरी उतरवतात, मध्ये बरेच दिवस थांबून बघतात.

पण याचा अर्थ त्याने त्रास मुकाट्याने सोसावा असा नाही. चार महिन्यांत ८ किलो ही किरकोळ गोष्ट नाही. ओलान्झापिनची भूक मी अनुभवली आहे. वरण-बट्टी पोटभर जेवून उठलो तरी तासाभरात मी दुरडीतली भाकरी शोधायचो, पोट भरल्याचं कळायचंच नाही. त्याला ‘खादाड’, ‘आळशी’ म्हणू नका. दर महिन्याला वजन वहीत लिहा. उपाशीपोटी रक्तातल्या साखरेची आणि चरबीची तपासणी झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या, कारण या औषधाने दोन्ही वाढू शकतात. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून सरळ विचारा, डोस कमी होईल का, वजन कमी वाढवणारं दुसरं औषध चालेल का. वजनासाठी काही डॉक्टर जोडीला मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी देतात. झोपेसाठी गोळीची वेळ बदलता येते का तेही विचारा. माझी गोळी रात्री जेवणानंतर ठेवली आणि सकाळ मोकळी झाली. झापड असेपर्यंत मात्र मोटारसायकल आणि ट्रॅक्टर त्याच्या हाती देऊ नका.

औषध बदललं की वेगळा त्रास होऊ शकतो. मला नव्या गोळीने पाय एका जागी ठरेनात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ओट्यावर येरझारा घालायचो. घरच्यांना वाटलं आजार उलटला. तो गोळीचाच परिणाम होता, डॉक्टरांनी डोस उतरवल्यावर थांबला. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः तरुण मुलांची, मान एका बाजूला ओढली जाते आणि डोळे वर चढतात. आपल्याकडे हे पाहून लोक म्हणतात अंगात आलं, आणि भगताकडे नेतात. दवाखान्यात एक इंजेक्शन दिलं की थोड्याच वेळात मान सुटते. सप्तशृंगीला पायी जायचं तर जरूर जा, पिशवीत गोळ्या ठेवून.

आता उन्हाचं. तुमच्या भागातल्या डॉक्टरांनाही हे मुद्दाम विचारा, कारण जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि ही औषधं शरीराची उष्णता सांभाळायची ताकद कमी करतात. जोडीला अंग आखडू नये म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिलची छोटी गोळी असेल तर घामही कमी येतो. त्याला शेतात जाऊ द्या, कामाने माणूस सावरतो, पण पहाटे जाऊन दहाच्या आत घरी. दुपारी केळीच्या बागेतही नको, सावली दिसते पण आत कोंडतं. पाणी तहान लागायची वाट न पाहता प्यायचं. गोळ्या पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, भरपूर घाम आणि बोलणं असंबद्ध, असं एकत्र दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या, हातात गोळ्यांची पाकिटं घेऊन. हे क्वचित होतं, पण जिवावर बेततं.

एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. भाऊ बिडी-सिगारेट ओढत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. धुरामुळे ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातं, आणि बिडी अचानक सोडली की तोच डोस जड होतो. पुढेमागे क्लोझापिन नावाचं याच आजाराचं दुसरं औषध दिलं तर रक्ताची तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला असते, ती चुकवायची नाही. ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी दाखवायचं. क्लोझापिन दोन दिवसांहून जास्त चुकलं तर आपणहून पूर्ण डोसवर जायचं नाही, डॉक्टर खालून सुरू करतात.

आमच्या घरी रोज रात्री नऊला मोठा भाऊ फक्त एवढंच विचारतो, “गोयी लिधी का रे?” मी मान हलवतो आणि कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने टिंब करतो. तो डबी मोजत नाही, मी लपवत नाही. तुमच्या भावालाही टिंब त्याच्याच हाताने करू द्या.

पुढच्या तारखेपर्यंत थांबवत नसेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. डॉक्टरांनी काय सांगितलं ते इथे लिहा, मी बघत असतो.