मध्ययुगीन आणि रेनेसान्स शैलीवरून आज नवी रचना करायची तर सुरुवात कुठून करावी? समांतर पंचम चालतात का?

तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

मी हार्मनीच्या क्लासला जात होतो तेव्हाची गोष्ट. तीन आवाजांची छोटी रचना करून नेली. खाली एक लांबलचक स्वर धरलेला, वरचे दोन आवाज पंचमाच्या अंतराने सोबत चाललेले (हेच ते समांतर पंचम), शेवटच्या कॉर्डमध्ये गांधार नाहीच. वही परत आली ती लाल रेघांनी भरून. "ही चूक पहिल्या परीक्षेची मुलंही करत नाहीत." मी म्हटलं, सर, नवव्या शतकातल्या ‘म्युझिका एन्किरिआडिस’ या संगीतग्रंथामध्ये हेच तर शिकवलंय. सगळा वर्ग हसला. फ्रेंच संगीतकार देब्युसीने १९१० साली ‘बुडालेलं कॅथीड्रल’ या पियानोच्या रचनेमध्ये अख्ख्या कॉर्ड्स अशाच समांतर सरकवल्या, त्याला मात्र थोर म्हणायचं!

तर हो, चालतात. खुशाल वापरा.

सुरुवातीचं म्हणाल तर प्लगइन विकत घेऊ नका. हार्पवर ढीगभर रिव्हर्ब ओतला की मध्ययुग अवतरत नाही, गेममधला किल्ला अवतरतो. त्या काळचे मोड, म्हणजे स्वरांचे साचे, ऐकायला आपले कान तसे तयार असतात: डोरियन मोडचे स्वर काफी थाटाचे, फ्रिजियनचे भैरवीचे. पण नुसता थाट आला म्हणून राग येत नाही, तसंच इथेही. पहिल्या मोडमधली, म्हणजे डोरियनमधली, चाल डी या स्वरावर विसावते आणि ए भोवती घुटमळते. ते घुटमळणं आधी गाऊन बघा, की-बोर्ड नंतर.

एस्टोनियाचा संगीतकार आर्वो पेर्त बघा. कित्येक वर्षं जवळजवळ गप्प राहून तो ग्रेगोरियन गायन (चर्चमधलं जुनं एकसुरी गायन) आणि जुनी पॉलिफनी (अनेक स्वतंत्र आवाजांची गुंफण) अभ्यासत बसला. मग १९७६ मध्ये ‘फ्यूर अलिना’ ही पियानोची छोटी रचना. एक आवाज पायरी-पायरीने चालतो, दुसऱ्याला एकाच त्रिस्वरी कॉर्डचे स्वर घ्यायची मुभा. जुनी चाल त्याने उचलली नाही, स्वतःला बांधून घेण्याची शिस्त उचलली. माझ्या त्या रचनेतही मी तेवढंच करू पाहत होतो, आणि हेच सरांना कधी पटवता आलं नाही.

आता एक कबूल करायला हवं. नवव्या आणि सोळाव्या शतकात सातशे वर्षांचं अंतर आहे. सोळाव्या शतकातल्या पॅलेस्ट्रिना या संगीतकाराच्या वळणाचं लिहायचं असेल तर समांतर पंचम खरोखरच वर्ज्य, तिथे सर बरोबर. पण मी पानाच्या वर ठळक अक्षरात ‘ऑर्गनम’ लिहिलं होतं, म्हणजे त्या नवव्या शतकातल्या समांतर गायनाचंच नाव. वही अजून आहे माझ्याकडे. त्या शब्दाखालीही लाल रेघ आहे, शेजारी प्रश्नचिन्ह.