सराव पाठाला ‘असमाधानकारक’ शेरा मिळाल्यावर

आंतरवासितेचा, म्हणजे शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाचा, निम्मा काळ सरला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या छात्राध्यापकांचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: “माझे पाठ असमाधानकारक ठरलेत, मला शिक्षक होणं जमणारच नाही का?” प्रश्नाचा पहिला भाग काही पाठांविषयीचा असतो आणि दुसरा अख्ख्या आयुष्याविषयीचा, पण एकावरून दुसऱ्यावर आपण कधी गेलो हे विचारणाऱ्याच्या लक्षातही आलेले नसते. म्हणून एका छात्राध्यापिकेबरोबर झालेले काम तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे मांडत आहे.

तिचा विषय गणित. विषयाची तयारी चोख, पाठ टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, नेटके. तरीही मध्यावधी मूल्यमापनात वर्गनियंत्रण, प्रश्न विचारणे आणि वेळेचे नियोजन या तिन्ही बाबी असमाधानकारक ठरल्या. तेव्हापासून तिची झोप उडाली होती, शाळेच्या फाटकाशी आले की पोटात गोळा येत असे, आणि आंतरवासिता सोडण्याचा अर्ज लिहून तयार होता.

“शेऱ्याखाली बाईंनी काय लिहिलंय?” मी विचारले.

“ते वाचलंच नाही, मॅडम. शेरा बघितला आणि वही मिटली.”

आम्ही ती वही उघडली. मार्गदर्शक शिक्षिकेने पानभर लिहिले होते: उदाहरणांची निवड चांगली, फळ्यावरील मांडणी स्वच्छ, मुलांना उत्तर द्यायला वेळ दिला नाही, मागच्या बाकांवर सतत गप्पा, पाठ दहा मिनिटे आधीच संपला. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीने काम करते. मूल्यमापन कृतीचे करावे, संपूर्ण माणसाचे करू नये, हा त्यातील आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र ही गोष्ट नुसती समजावून सांगितल्याने कोणाला पटते असा माझा अनुभव नाही. त्यासाठी ती कृती नेमकी कोणती, हे त्या व्यक्तीला स्वतःला दिसावे लागते.

म्हणून मी तिला तोच पाठ माझ्यासमोर घ्यायला सांगितले. ती उभी राहिली, कागदावर दोन अपूर्णांक लिहिले आणि विचारले, “एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश, यांत मोठा कोणता?” मी तोंड उघडण्याआधीच पुढचे वाक्य आले: “एक द्वितीयांश, कारण...”

“थांबा. उत्तर कोणी दिलं?”

“मीच.”

“मला का देऊ दिलं नाही?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “वर्ग गप्प झाला ना, मॅडम, की वाटतं, सगळ्यांना कळलं, हिला शिकवता येत नाही.”

इतक्या बैठकांत चाचपडत जे शोधत होतो ते या एका वाक्यात सापडले. मुलांचे गप्प राहणे हे बहुधा विचार करणे असते, आणि ती मात्र त्यातून स्वतःविरुद्धचा निकाल ऐकत होती. मी एवढेच विचारले, “बाई स्वतःच उत्तर देणार हे ठाऊक असलेली मुलं काय करतील?” तिने वही पुढे ओढली आणि वेळ न देणे, मागच्या गप्पा व पाठ लवकर संपणे या तिन्ही शेऱ्यांना जोडणारी रेघ पेन्सिलने आपणहून ओढली. जे तिला तीन उणिवा वाटत होते त्यांचे मूळ एकच होते, आणि ते अक्षमतेत नसून भीतीत होते. ती रेघ माझ्या हातून ओढली गेली नाही, याचे मला आजही समाधान आहे.

मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचा अभ्यास करून दाखवले होते की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरे लांब होतात व अधिक मुले बोलू लागतात. हे ऐकून तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, कारण जी खोड ती केवळ आपली समजत होती ती अनुभवी शिक्षकांमध्येही आढळते.

त्यानंतर मी तिला मार्गदर्शक शिक्षिकेकडे एकच विनंती घेऊन पाठवले: “पुढच्या पाठात, बाई, मी प्रश्नानंतर थांबते की नाही, एवढंच बघाल का?” त्या आनंदाने तयार झाल्या. पुढच्या पाठात डस्टर घट्ट धरून तिने मनातल्या मनात तीन मोजले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “एक तृतीयांश मोठा, कारण तीन दोनापेक्षा मोठे.” उत्तर चुकीचे होते, पण मुले कोठे अडतात हे तिला प्रथमच ऐकू आले होते. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्ये मांडले होते की नवशिक्या शिक्षकाची काळजी आधी स्वतःभोवती फिरते आणि पुढे ती विद्यार्थ्यांच्या शिकण्याकडे वळते. त्या दिवशी ती माझ्याशी स्वतःविषयी जवळजवळ बोललीच नाही, त्या मुलाला अपूर्णांक कसा समजावावा याविषयीच बोलत राहिली. वर्गनियंत्रणात अखेरपर्यंत ‘सुधारणेस वाव’ असाच शेरा राहिला, पण अंतिम मूल्यमापन समाधानकारक ठरले.

अशा शेऱ्यानंतर पहिल्या काही दिवसांतच मार्गदर्शकांकडे स्वतंत्र वेळ मागावी, कोणती बाब कोणत्या तारखेपर्यंत सुधारायची हे ठरवून दोघांनी लिहून ठेवावे, आणि एका वेळी एक किंवा फार तर दोनच बाबी हाती घ्याव्यात. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर ती महाविद्यालयाला आधीच कळवावी. निकालानंतर सांगितलेले कारण, खरे असले तरी, सबबीसारखे ऐकू येते. मार्गदर्शकांशीच पटत नसेल तर महाविद्यालयातील प्राध्यापकांना बरोबर घेऊन तिघांनी बसावे. आंतरवासिता सोडण्याचा निर्णयही प्रामाणिक असू शकतो, मात्र वाईट निरीक्षणाच्या दुसऱ्याच दिवशी तो घेऊ नये.

मार्गदर्शकांनाही मी आग्रहाने सांगते की उणीव दिसली त्याच आठवड्यात ती सांगा, मुलांसमोर सांगू नका, आणि ‘वर्गावर पकड नाही’ असे मोघम न लिहिता कोणत्या मिनिटाला काय घडले ते लिहा. शक्य असेल तर तोच भाग स्वतः शिकवून दाखवा. चांगुलपणापोटी शेवटपर्यंत गप्प राहून अखेरीस नापास करणे हा छात्राध्यापकावर अन्याय आहे, आणि दयेपोटी उत्तीर्ण करणे हा त्याच्या भावी विद्यार्थ्यांवर. इतके करूनही पाठ अपुरे राहिले तर मुदतवाढ किंवा पुन्हा आंतरवासिता यांची तरतूद आहे का, याची महाविद्यालयाकडे चौकशी करावी, आणि तसे सुचवताना कोणत्या कृती अजून जमलेल्या नाहीत याची लेखी यादी त्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी.