मेलेला देवमासा ओढून परत समुद्रात का सोडत नाहीत?

आपण विचारले आहे की, कोल्हापूरहून कोकणात सहलीला गेला असता किनाऱ्यावर वाहून आलेला एक मृत देवमासा आपण पाहिला. वनखात्याची माणसे त्याचे शवविच्छेदन करून त्याला पोकलेनने खणलेल्या खड्ड्यात पुरत होती. एवढे धूड बोटीने ओढून समुद्रातच का सोडले नाही, ट्रकमध्ये घालून दूर का नेले नाही आणि मेलेल्या जनावराची चिरफाड करण्यात दिवस का घालवला, असे आपले प्रश्न आहेत. मी कोल्हापूरचा पशुवैद्यक आहे. नोकरीतील काही वर्षे सिंधुदुर्गात काढली आणि तेथे अशा कामाला हजर राहण्याचे प्रसंग आले, म्हणून उत्तर देत आहे.

देवमासा हा मासा नसून आपल्यासारखाच उष्ण रक्ताचा सस्तन प्राणी आहे, आणि त्याच्या कलेवराचे काय करायचे हे ठरवताना हीच गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडे म्हैस मेली की काही तासांत तिचे पोट नगाऱ्यासारखे फुगते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. देवमाशाच्या बाबतीत ही क्रिया फार जोराने होते, कारण त्वचेखालचा चरबीचा जाड थर आतील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वरची कातडी हाताला गार लागत असली तरी आतले शरीर पुढे बराच काळ ऊबदार राहते, त्या उबेत जिवाणू भराभर वाढतात आणि मिथेन, हायड्रोजन सल्फाइड यांसारखे वायू साचत जातात. गळ्यापासून पोटापर्यंत जाणाऱ्या ज्या घड्या एरवी स्पष्ट दिसतात, त्या ताणून जवळजवळ सपाट झालेल्या मी पाहिल्या आहेत. अशा वेळी वारा पाठीशी घेऊन, लांब दांड्याच्या पात्याने, पोटाच्या समोर न येता बाजूला उभे राहून आधी लहानसा छेद घ्यायचा आणि वायूचा जोर ओसरेपर्यंत कोणालाही जवळ येऊ द्यायचे नाही, असा दंडक आहे. तो वास कपड्यांत आणि केसांत कितीतरी दिवस राहतो.

म्हणूनच पहिले दोन दिवस फार मोलाचे असतात. कलेवर ताजे असेल, समुद्र शांत असेल आणि दमदार बोट हाताशी असेल, तर भरतीच्या वेळी शेपटीच्या बुडाला दोर बांधून ते खोल पाण्यात नेणे हा माझ्या मते उत्तम मार्ग आहे. खोल समुद्रतळाशी गेलेल्या देवमाशाच्या शरीरावर असंख्य जीव वर्षानुवर्षे पोसले जातात. अशी वस्ती शास्त्रज्ञांना १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रतळावर प्रथम आढळली. परंतु वायूने फुगलेले शरीर आपोआप बुडत नाही. त्याला वजन बांधावे लागते, तसे केले नाही तर ते रात्रीच्या अंधारात होड्यांच्या वाटेत तरंगत राहते किंवा वाऱ्याने पुन्हा किनाऱ्याला, बहुधा शेजारच्या गावाच्या हद्दीत, येऊन लागते. सडलेल्या कलेवराची तर शेपटीच दोरासकट निखळून येते. त्यातही पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तरंगणारी कलेवरे कोकणाकडे लोटतो आणि नेमकी १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदीची मुदत असल्याने ट्रॉलर बंदरात किंवा किनाऱ्यावर ओढून ठेवलेले असतात. जून २०१५ मध्ये रेवदंड्याजवळ सुमारे ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला, तोही याच दिवसांत. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला अडकलेल्या पिल्लाला समुद्रात नेण्याची धडपड झाली, कारण ते जिवंत होते. दुर्दैवाने ते वाचले नाही. जिवंत आणि मृत प्राण्यासाठीचे निर्णय वेगळे असतात, हे समजून घेतले म्हणजे ‘तेव्हा नेले, मग आता का नाही’ असा राग येणार नाही.

ट्रकचा विचार सुचतो खरा, पण वजन पाहा. साधा जेसीबी स्वतःच साडेसात-आठ टनांचा असतो. त्याने पंधरा-वीस टनांचे निसरडे शरीर उचलणे शक्य नसते आणि ओल्या वाळूत त्याची चाकेही रुततात, म्हणून पट्ट्यांवर चालणारे पोकलेन मागवावे लागते. घाटरस्त्याने असे काही वर आणण्याची तर कल्पनाही नको. तैवानमध्ये तैनान शहरात जानेवारी २००४ मध्ये सतरा मीटर लांबीचा स्पर्म व्हेल (दात असलेल्या देवमाशाची एक मोठी जात) ट्रेलरवर चढवण्यासाठी तीन क्रेन, पन्नासेक माणसे आणि १३ तास लागले, आणि नंतर तो भर रस्त्यात आतल्या वायूंमुळे फुटून दुकाने व वाहने रक्तामांसाने माखली. अमेरिकेत ओरेगन राज्यातील फ्लोरेन्स येथे १२ नोव्हेंबर १९७० रोजी महामार्ग विभागाने असेच एक कलेवर सुमारे अर्धा टन डायनामाइटने उडवले, तेव्हा चरबीचा एक मोठा तुकडा जवळजवळ चारशे मीटरवर उभ्या असलेल्या मोटारीवर पडून तिचे छत चेपले, आणि कलेवराचा मोठा भाग जागच्या जागीच राहिला. सुरुंग लावण्याचा सल्ला आजही कोणी ना कोणी देतो, म्हणून हे सांगितले.

राहता राहिले पुरणे. त्यातही जागा चुकली तर सगळे श्रम वाया जातात. खड्डा उधाणाच्या भरतीच्या रेषेच्या वर हवा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी कुठवर चढते हे गावातल्या मच्छीमारांना विचारून घ्यावे, कारण साधी भरती बघून खणलेला खड्डा पहिल्याच उधाणात उघडा पडतो. वर किमान दोन-तीन मीटर वाळूचा थर यायला हवा. किनारपट्टीच्या वाड्यांना पाणी विहिरींचे असते आणि वाळूतून तेलकट द्रव सहज झिरपतो, त्यामुळे विहिरीजवळ खड्डा घेण्यास गावकऱ्यांनी हरकत घेतली तर ती आडमुठेपणाची मानू नये. त्यांचे म्हणणे रास्तच असते. ऑस्ट्रेलियातील पोर्ट मॅक्वारी येथे २०१७ मध्ये किनाऱ्यावर पुरलेला एक हंपबॅक देवमासा, झिरपणाऱ्या द्रवामुळे शार्क आकर्षित होतील या लोकांच्या भीतीपोटी पुन्हा उकरून हलवावा लागला होता. पुढे सांगाडा काढायचा असेल तर कलेवर जाळ्यात गुंडाळून पुरतात, म्हणजे पंखांची बारीक हाडे वाळूत हरवत नाहीत. अशा सांगाड्यांचे मोल काय असते, ते रत्नागिरीच्या मत्स्यसंग्रहालयातील देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहिला की कळते.

आता चिरफाडीविषयी. त्यात दिवस वाया गेला असे आपल्याला वाटले, पण त्या दिवसाची मला सर्वाधिक किंमत वाटते. देवमासे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. राधानगरीच्या जंगलात गवा मेला तर जसा पंचनामा आणि शवविच्छेदन होते, तसेच येथेही व्हायला हवे. लांबी मोजणे, नर की मादी पाहणे, जाळ्याच्या दोराचे वळ किंवा जहाजाच्या पंख्याचे काप शोधणे, जठरात प्लास्टिक आहे का हे तपासणे, त्वचा व चरबीचे नमुने घेणे, एवढे झाले तरच तो कशाने मेला याचा काही अंदाज येतो. आपल्या समुद्रातील देवमाशांविषयी जी माहिती हाती आहे, तिच्यातली बरीचशी अशा मृत शरीरांतूनच मिळालेली आहे. घाईघाईने पुरून टाकलेल्या कलेवराबरोबर ती कायमची जाते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

गर्दीबद्दलही लिहायला हवे. लोक कुतूहलाने, काहीजण श्रद्धेनेही जवळ जातात, मुलांना पाठीवर उभे करून फोटो काढतात. समुद्री सस्तन प्राण्यांत ब्रुसेलासारखे जिवाणू आढळतात आणि ते माणसाला लागू शकतात, म्हणून उघड्या हाताने स्पर्श करू नये. दात, हाडाचा तुकडा किंवा तथाकथित ‘उलटी’ (अत्तरांसाठी वापरला जाणारा अंबरग्रीस) घरी नेणे हा गुन्हा असून त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. ती ‘उलटी’ मुळात स्पर्म व्हेल जातीतच, आणि तीही फार थोड्या प्राण्यांत तयार होते, त्यामुळे तिच्या आशेने कोणत्याही देवमाशाचे पोट फाडणारे लोक शास्त्रीय तपासणीचे तेवढे नुकसान करतात.

पुन्हा कधी असे दृश्य दिसले तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे. दुरूनच संपूर्ण शरीराचा बाजूने एक, डोक्याचा एक आणि शेपटीचा एक असे फोटो घ्यावेत, शेजारी मोजमाप कळेल अशी काठी किंवा माणूस असू द्यावा, आणि फोटोची वेळ व तेव्हा भरती होती की ओहोटी हे लिहून ठेवावे. पथक पोहोचेपर्यंत कलेवर भरतीने हलले किंवा आणखी फुगले, तरी तेवढ्यावरून जात ओळखता येते.