एप्रिलमध्ये हात लावायचा नाही

प्रिय बाळा,

रात्री साडेअकराला फोन वाजला तेव्हाच ओळखलं, गंगावेशीत दूध प्यायला गेला असशील आणि कट्ट्यावर कुणीतरी आपल्या फुटबॉल संघावरून तुझी बिनपाण्यानं केली असेल. "लै पळवतोय, पोरांच्या तंगड्या गळाल्यात" हे तू मला तीनदा ऐकवलंस. मी ते तीस वर्षं ऐकलंय. माणसं बदलतात, वाक्य तेच राहतं. पण मग तू विचारलंस, "सर, बुधवारचा सराव बंद करू का?" मी "नको" म्हणून फोन ठेवला, कारण पुढं बोललो असतो तर शिव्याच दिल्या असत्या. आता सकाळी नीट लिहितोय.

एप्रिलमध्ये पद्धतीला हात लावायचा नाही. जूनमध्ये लाव, पावसाळ्यात मैदान बंद असतं तेव्हा सगळी उलटीपालटी कर. दोन सामने हरलास म्हणून एप्रिलमध्ये नाही.

तुझा बुधवारचा सराव बिएल्साचा आहे, अर्जेंटिनाच्या त्या फुटबॉल प्रशिक्षकाचा. तो मर्डरबॉल तू मोबाइलवर बघितलास आणि पोरांना लावलास, हे मला आवडलं होतं. शिट्टी नाही, फाऊल नाही, थ्रो-इन नाही, चेंडू बाहेर गेला की बाजूनं दुसरा आत येतो आणि पोरं थांबत नाहीत. पण ज्याची तालीम उचललीस त्याचा हिशेब पुरता वाचलास का? इंग्लंडच्या लीड्स क्लबमध्ये, तेव्हा दुसऱ्या श्रेणीत, आज तू जिथं उभा आहेस तिथंच तो 2019 च्या एप्रिलमध्ये उभा होता. नाताळात संघ तक्त्यात पहिला. गुड फ्रायडेला दुसरा, म्हणजे वरच्या श्रेणीचं, प्रीमियर लीगचं दार हातभर अंतरावर. मग घरच्या मैदानावर विगनकडून हरले, तेही विगनचा एक गडी चौदाव्या मिनिटाला बाहेर गेलेला असताना. ब्रेंटफर्डकडून हरले. आधीच खाली घसरलेल्या इप्सविचकडूनसुद्धा हरले. शेवटच्या चार सामन्यांत मिळून एक गुण, हंगामात 83, आणि तिसरा नंबर. वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या प्लेऑफमध्ये डर्बी क्लबला त्यांच्या मैदानावर 1-0 हरवून आले आणि घरी 4-2 हरले.

मग तिथल्या कट्ट्यावर काय चाललं असेल ते तुला सांगायला नको. सगळ्यांनी जुनी वही काढली. स्पेनच्या बिल्बाओत 2012 च्या मार्चमध्ये या माणसानं ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला 3-2 हरवलं आणि मे महिन्यात दोन अंतिम सामने 3-0, 3-0 असे घालवले. फ्रान्सच्या मार्सेमध्ये अर्ध्या हंगामापर्यंत पहिला, शेवटी चौथा. झालं, ठरलं: बिएल्साचे संघ वसंतात जळून जातात.

आता तू विगनचा तो सामना पूर्ण बघ, गोल तेवढे बघू नकोस. थकलेला संघ असा खेळतो? चेंडू जवळजवळ सगळा वेळ यांच्याकडे, हल्ल्यामागून हल्ला, पेनल्टीसुद्धा मिळाली आणि ती वाया घालवली. पाय चालत होते रे, गोल होत नव्हते. डर्बीविरुद्ध तर दोन्ही सामने मिळून 2-0 नं पुढं असताना गोलरक्षक आणि बचावपटू यांच्यात गोंधळ झाला आणि तिथून सामना फिरला. "तू की मी" या गोंधळाला पळण्याचा सराव काय करणार?

तो माणूस तिथंच राहिला. पुढच्या हंगामात मर्डरबॉल चालूच, आणि लीड्स 93 गुणांनी पहिले, शेवटचे सहाच्या सहा सामने जिंकून. तू म्हणशील, मध्ये करोनाची सुट्टी होती, पाय ताजे झाले. बरं, मान्य. त्याच्या पुढचं वर्ष बघ. प्रीमियर लीगमध्ये नववे, आणि हंगामातले शेवटचे चार सामने जिंकले. त्या वर्षी कुठली सुट्टी होती?

हात लावला नाही म्हणून झालं ते.

मी हे इतकं का घोकतोय? कारण मी हात लावला होता. 1993 चा उन्हाळा. उपांत्य सामन्याला दहा दिवस, आम्ही दोन सामने बरोबरीत सोडवलेले, आणि पेठेतली चार वडीलधारी माणसं घरी आली. चहा घेतला आणि म्हणाली, "मास्तर, पोरांना जरा सोडा." मी सोडलं. रंकाळ्याची फेरी बंद, सकाळचा सराव बंद, दहा दिवस नुसता चेंडू खेळवला. उपांत्य सामन्यात शाहू स्टेडियमवर साठाव्या मिनिटाला माझी पोरं कमरेवर हात ठेवून उभी होती. हरलो. तीच चार माणसं बाहेर म्हणत होती, "सराव कमी पडला." मी त्यांना उत्तर दिलं नाही. अजून देतोय बहुतेक, तुझ्या नावानं.

आपल्या तालमीतला वस्ताद काय करतो बघ. मोठ्या कुस्तीच्या आधी पठ्ठ्याची मेहनत बंद करत नाही. जोर-बैठकांचा आकडा खाली आणतो, पण लढत तेवढ्याच रगीची ठेवतो. हजाराच्या सहाशे करील, पण त्या सहाशे मन लावून घेईल. फुटबॉलमधले शिकलेले ट्रेनरही हेच सांगतात: वेळ कापा, वेग कापू नका. तेव्हा बुधवार वीस मिनिटांनी कमी केलास तर माझी ना नाही. तो हात लावणं नव्हे. पण बुधवार गेला की पोरांना कळतं, मास्तर घाबरला. ते कळलं की शनिवारी पहिला गोल खाल्ल्यावर सगळी तुझ्याकडे बघतात.

बिएल्साची चूक मला विचारशील तर ती मैदानावर नव्हती, बाकावर होती. त्याला छोटा संघ लागतो, पंधरा-अठरा पक्के गडी, बाकी तरुण पोरं. तेवढ्यावर चाललं तर सोनं. 2022 च्या फेब्रुवारीत लीड्सचे फिलिप्स, कूपर, बॅमफर्ड तिघंही जायबंदी, एका महिन्यात 20 गोल खाल्ले आणि त्याला काढलं. कट्टा पुन्हा म्हणाला, सराव. मी म्हणतो, सामने खेळायला माणसं कमी होती. तू तुझा बाक बघितलास का? जानेवारीपासून तेच अकरा खेळवतोयस. मी हजर होतो, मोजलंय. तेरा नंबरचं पोर नुसतं पाण्याच्या बाटल्या वाहतंय. त्याला उतरव. त्याला पद्धतीला हात लावणं म्हणत नाहीत, पद्धतीला माणसं पुरवणं म्हणतात.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. बाहेरून ऐकलीच असशील, म्हणून माझ्याकडून ऐक. 93 नंतर मी कुणाचंच ऐकेनासा झालो. त्यानंतरच्या एका वर्षी एक पोरगा, आपल्याच गल्लीतला, डावा बॅक, एप्रिलमध्ये म्हणाला, "सर, नडगी दुखतीया." मी म्हटलं, रग आहे, जिरेल. तीन आठवडे पळवला. मग एका सामन्यात कुणाचा धक्का नसताना खाली बसला. हाडाला चीर होती, जुनी. पुन्हा खेळला नाही. आता लोक म्हणतात मास्तरनं पोरगं मोडलं. तेव्हा आमच्याकडे फिजिओ नव्हता, बर्फसुद्धा कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून आणायचो. मैदान एप्रिलमध्ये फरशीसारखं कडक, बूट दुसऱ्याचे वापरलेले. आणि ती स्पर्धा आम्ही जिंकलो होतो, हे कुणी सांगत नाही. बाकीच्या पंधरा पोरांना काही झालं नव्हतं, हेही नाही. त्याचं आता दुकान आहे. मला बघितलं की नमस्कार करतो, आणि मी रस्ता बदलतो.

असो. कट्ट्यावर दोन आठवडे जाऊ नकोस, दूध घरी मागव. जानेवारीत हीच माणसं "पेठेत बिएल्सा आलाय" म्हणत होती तेव्हा तू किती खूश होतास ते मी बघितलंय. ते घेतलंस तर हेही घे. त्यांच्याशी भांडू नकोस. पदरचे पैसे घालून तिकीट काढतात, भर उन्हात शिट्ट्या फुंकतात, बोलणारच. पण सरावाचं वेळापत्रक त्यांच्या हातात द्यायचं नाही, एप्रिलमध्ये तर नाहीच नाही.

बुधवारी साडेसहाला मैदानावर येतो. वजनाची वही आणून ठेव, कुणाचं किती उतरलंय ते बघू. दोन किलोच्या वर उतरलं असेल त्याच्याशी मी बोलतो, तू बोलू नकोस, तुला घाबरतात.

आणि तो तुझा पाच नंबरचा. परवा वॉर्मअपला उजवा पाय जपून टाकत होता, तुझं लक्ष नव्हतं. विचारलंस तर "काही नाही" म्हणेल. त्याला बुधवारी बसव, आणि आधी एक्स-रे काढून आण. पैसे मी देतो.

तुझा,
सर