आईच्या नावानं शिष्यवृत्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची आई अंगणवाडी सेविका होती. कापूस वेचणीला मध्य प्रदेशातून येणाऱ्या बायांना आणि लग्न होऊन इथं आलेल्या परराज्यातल्या सुनांना ती संध्याकाळी लिहायला-वाचायला शिकवायची. वर्षश्राद्धाचं मोठं जेवण न घालता आम्ही तिघं भावंडं ५ लाख रुपये काढून अशा बायांसाठी तिच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू करणार आहोत. ट्रस्ट काढावा का? दर जानेवारीत, पुण्यतिथीला, कार्यक्रम घेऊन चेक द्यायचा बेत आहे.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : एवढ्या रकमेसाठी ट्रस्टच्या भानगडीत पडू नका. धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी हिशेबाचं ऑडिट, एक विश्वस्त बदलला तरी ९० दिवसांत बदल अर्ज, वर आयकराची वेगळी नोंदणी. सीएची फी आणि येरझारा यांतच व्याजाचा लचका जातो. स्वतःच्या नावावर एफडी ठेवून व्याज वाटणं सोपं दिसतं, पण ते व्याज तुमचं उत्पन्न धरलं जातं आणि तुमच्या पश्चात ठेव वारसांच्या हाती जाते. पुढं शिष्यवृत्ती चालेल की नाही, हे त्यांच्या मर्जीवर.

तालुक्यातलं कॉलेज चालवणारी एखादी नोंदणीकृत संस्था गाठा. तिला ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकराची मान्यता) आहे का, ते आधी बघा. पैसे देताना ‘ही रक्कम मूळ निधी म्हणून देत आहोत’ असं पत्र द्या, पावतीवरही तेच लिहून घ्या आणि कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत मागा. करारात चार गोष्टी हव्यातच : मूळ रक्कम मोडायची नाही, ठेव आईच्या नावाच्या वेगळ्या खात्याशी जोडलेली असेल, एखाद्या वर्षी अर्जच आला नाही तर व्याज संस्थेच्या इतर खर्चात न जाता पुढच्या वर्षी वापरलं जाईल, संस्था बंद पडली तर निधी कुणाकडे जाईल. तिसरी अट लोक विसरतात आणि निधी नेमका तिथंच विरघळतो. नात्यातल्या मुलीला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, हेही लिहा.

७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३५,००० रुपये येतील. ५,००० मुद्दलात टाका, नाहीतर दहा वर्षांनी महागाई ही शिष्यवृत्ती खाऊन टाकेल. उरलेल्या ३०,००० मध्ये दोघींना प्रत्येकी १५,००० द्या. व्याज घटलं तर रक्कम कापू नका, संख्या कमी करा. दोघींना अर्धवट देण्यापेक्षा एकीचं वर्ष पुरं झालेलं बरं.

करसवलतीबद्दल फार आशा नको. ती जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि २,००० च्या वर रोख दिलं तर मिळत नाही. अशा संस्थेला दिलेल्या देणगीत उत्पन्नाच्या साधारण १० टक्क्यांपर्यंतचीच रक्कम धरतात आणि तिच्या निम्म्यावर वजावट देतात. म्हणजे ८ लाख उत्पन्न असलेल्यानं सगळे ५ लाख एकट्यानं दिले तरी वजावट ४०,००० चीच. तिघांनी आपापल्या खात्यातून, दोन-तीन वर्षांत विभागून द्या.

आता जानेवारीचं. तेव्हा वेचणी चालू असते. तुमच्या मांडवात बसायला त्या बाईची रोजी बुडेल. पुण्यतिथीचा कार्यक्रम खुशाल करा, पण पैसा त्या दिवसाला बांधू नका. पहिला हप्ता प्रवेश किंवा नोंदणीच्या वेळी आणि काहीही करून दिवाळीआधी पोचला पाहिजे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबानं मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ मजुरी) एकदा घेतली की त्या बाईला परीक्षेसाठी सोडणार कोण? दुसरा हप्ता हॉल तिकीट आल्यावर द्या. त्यातून परीक्षेच्या दिवसांतली बुडालेली रोजी भरून निघते.

चेकही नको. आधारवर लग्नानंतरचं नाव आणि दाखल्यावर माहेरचं, मग बँकेत खोळंबा. पासबुकावर जे नाव आहे त्यावर थेट ट्रान्सफर करा. तरी एक बघा : कागदपत्रं अपुरी असल्यानं उघडलेल्या ‘छोट्या खात्यातून’ महिन्याला १०,००० रुपयेच काढता येतात आणि शिल्लक ५०,००० च्या वर चालत नाही. एकदम १५,००० टाकले तर ५,००० त्या महिन्यात अडकतील. आधी केवायसी पूर्ण करून घ्या, नाहीतर फी परस्पर भरा आणि उरलेलं खात्यात टाका.

प्रश्न : बाहेरून आलेल्या बायांसाठीच्या अशाच शिष्यवृत्तीला कागदपत्रं कोणती मागावीत? आमच्या निवड समितीत डोमिसाइल (राज्याचा रहिवासी असल्याचा दाखला) मागायचं घाटतंय.
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : डोमिसाइल मागाल तर ज्यांच्यासाठी योजना काढली त्याच बाहेर राहतील. त्यासाठी साधारण १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. परराज्यातला जातीचा दाखलाही इथल्या सवलतींना चालत नाही. सरकारी शिष्यवृत्त्या अशा बायांना मिळत नाहीत त्या बहुतेक यामुळेच.

आधार, पासबुक आणि शाळा सोडल्याचा दाखला एवढं पुरे. दाखल्यावर शाळेचं गाव असतं, तोच ती बाहेरून आल्याचा पुरावा. शाळेचं तोंडच न पाहिलेली असेल तर तिचं स्वतःचं निवेदन आणि अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंचं पत्र घ्या. मुकादमाचं पत्र मागू नका. तो देत नाही, आणि दिलं तर उपकाराच्या भावात. राज्यातल्याच मेळघाटातून येणारी कोरकू आदिवासी बाई ‘बाहेरची’ धरायची का, हे मात्र अर्ज मागवण्याआधीच लिहून ठेवा. आमच्या मते धरावी.

गुणांची अट आणि सुवर्णपदक दोन्ही नको. दहावी राहिलेल्या बाईला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा) आहे, पण ती परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं बरं पडतं : हिंदी माध्यम आहे, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय थोडे-थोडे सोडवता येतात. वेचणीवालीला एप्रिलची परीक्षा जमते. भट्टीवालीला नाही, तिच्यासाठी ऑक्टोबरचीच धरा. नियमात ‘वर्षात पास’ न लिहिता ‘दोन विषय सुटले तर पुढच्या वर्षीचा हप्ता’ असं लिहा.

जाहिरात पेपरात देऊन उपयोग नाही. आठवडी बाजार, रेशन दुकान, अंगणवाडी आणि भट्टीवर हिंदीत कागद लावा, आणि शेतमालकांनाही सांगून ठेवा.

प्रश्न : अमेरिकेतला भाऊ वडिलांच्या नावाच्या अशाच निधीला पैसे पाठवतोय. चालेल?
— एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : पासपोर्ट भारताचा असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर चालेल. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते. एफसीआरए (विदेशी देणगी घेण्याचा कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेनं ती घेतली तर कारवाई संस्थेवर होते. पैसे निघण्याआधी संस्थेला भावाच्या पासपोर्टची प्रत द्या.